कारखान्याचं पत्र: ‘थिबा राजाची बंदूक’ खरी की खोटी, हे त्यातून कळतं का?

कोकणातल्या जुन्या घराच्या माळ्यावरून दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, निघाली की तिला एखादं मोठं नाव चिकटायला वेळ लागत नाही. थिबा राजाची (इंग्रजांनी रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलेला ब्रह्मदेशचा राजा), सावंतवाडी संस्थानची, नाहीतर शिकारीला आलेल्या कुठल्याशा सिनेनटाने जाताना देऊन टाकलेली. नाव लागलं की किंमत चढते. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘बंदूक बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र मागवा, दूध का दूध होईल.’ त्या पत्राच्या सेवेचं हे परीक्षण. आमचं मत आधीच सांगतो: पैसे वसूल होतात, पण प्रश्न अर्धाच सुटतो.

सेवा साधी आहे. बंदुकीचा नंबर आणि फोटो पाठवायचे, फी भरायची. कारखान्याचे लोक जुन्या वह्या काढून त्या नंबरापुढची नोंद शोधतात आणि सहीनिशी कळवतात: मॉडेल, बोअर (नळीच्या भोकाचं माप), नळीची लांबी, माल कधी आणि कुणाला गेला. अमेरिकेची कोल्ट कंपनी असं पत्र देते. स्मिथ अँड वेसनचं काम त्यांचं ऐतिहासिक प्रतिष्ठान करतं. विंचेस्टरच्या जुन्या वह्या अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत. इंग्रज बंदूकवाल्यांपैकी हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी यांच्याकडे जुन्या नोंदी आहेत.

गोम आहे ती ‘कुणाला गेला’ या रकान्यात. अमेरिकन पत्रात तिथे बहुतेक वेळा घाऊक व्यापाऱ्याचं नाव येतं. बंदूक पुढे कुणी वापरली, हे कारखान्याला ठाऊक असण्याचं कारणच नाही. इंग्रजी बंदूक गिऱ्हाइकाच्या मापाने बनलेली असेल, तर वहीत गिऱ्हाइकाचं नाव सापडू शकतं. पण ती कलकत्त्याच्या मँटनसारख्या दुकानाने मागवलेली असेल, तर मालकांची साखळी दुकानाच्या नावावरच तुटते.

नंबर वाचण्याआधी नळी रिकामी आहे का ते बघा. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू भरायच्या बंदुकीत पन्नास वर्षांपूर्वी ठासलेला बार अजून तसाच असू शकतो. बंदूक आडवी ठेवा, नळीचं तोंड कुणाकडेही नको, आपलंही अंग बाजूला. लाकडी काठी आत टेकेपर्यंत अलगद सरकवा, तोंडापाशी खूण करा, बाहेर काढून नळीच्या बाजूने धरा. केप (बार पेटवणारी छोटी टोपी) बसते तिथपर्यंत काठी पोचत नसेल, इंचभर किंवा जास्त कमी पडत असेल, तर आत काहीतरी आहे. ते उकरू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं काम आहे ते.

नंबराचा खरा शत्रू खारं वारं. किनाऱ्यावरच्या घरात लोखंडाला खड्डे पडतात आणि ३ चा ८ दिसू लागतो. त्यावर पॉलिश पेपर घासणं हा सर्वांत महागात पडणारा उत्साह: आकडा जातो तो जातोच, शिवाय शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखखूण खोडणं, बदलणं गुन्हा आहे. मऊ फडक्याने थोडं तेल लावा, रात्रभर ठेवा, पुसा आणि अंधारात बॅटरी अगदी आडवी धरून फोटो काढा. खड्ड्याची कड वेडीवाकडी दिसते, ठशाची सरळ. इंग्रजी दुनळीत नंबर चापाभोवतीच्या कड्याच्या पट्टीवर, नळ्या उतरवल्यावर त्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर बघा. तिन्ही जुळले पाहिजेत. नळ्यांचा नंबर वेगळा असेल तर नळ्या बदललेल्या आहेत, आणि पत्र येईल ते अर्ध्याच बंदुकीचं.

पत्राची फी भरण्याआधी फुकटात होणारी चाचणी म्हणजे नळी मजबुतीच्या तपासणीत उतरल्याचे ठसे. थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. नळीवर मुकुटाखाली बीएनपी ही इंग्रजी अक्षरं असतील तर तो बर्मिंगहॅमचा १९५४ नंतरचा ठसा. राजा तोवर अडतीस वर्षं आधीच गेलेला. लंबवर्तुळात ईएलजी ही अक्षरं असली तर नळी बेल्जियममधल्या लिएजची, मग वरच्या पट्टीवर कुठल्याही इंग्रज दुकानाचं नाव कोरलेलं असो. कान्होजी आंग्र्यांची म्हणून केपाची बंदूक दाखवतात, तिथे तर ठसाही बघायला नको: कान्होजी १७२९ मध्ये गेले, केप आली एकोणिसाव्या शतकात. गारेची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी बंदूक नंतर केपाची करून घेत, हे खरं. पण मग घोड्याच्या बाजूच्या पट्टीवर जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं दिसायला हवीत. आणि नजरकैदेतल्या राजाकडे बंदूक होती म्हणणाऱ्याने इंग्रज सरकारच्या परवानगीचा कागद आधी दाखवावा.

पत्र उत्तम चालतं ते दुसऱ्या पुराव्याच्या जोडीने. शिकारी जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी रायफल घ्या. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल ती भेट मिळाल्याचा मजकूर दस्त्यावरच्या चांदीच्या पट्टीवर आहे. रायफल पुढे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा रिग्बीकडे आली. प्रत्येक हात माहीत आहे. बिली द किड या अमेरिकन गुंडाला मारणारं, शेरीफ पॅट गॅरेटचं कोल्ट रिव्हॉल्व्हर २०२१ मध्ये साठ लाख डॉलरवर गेलं. त्यामागे ते परत मिळवण्यासाठी गॅरेटच्या विधवेने लढवलेल्या खटल्याचे कागद होते.

आपल्याकडे ही मधली साखळी जोडणारे कागद घरातच असतात, आणि रद्दीत जातात. शेतीसंरक्षणाच्या परवान्याचं जुनं पुस्तक: त्यात बोअर, बनावट, नंबर. निवडणुकीआधी पोलीस ठाण्यात बंदूक जमा केल्याची पावती: तारीख, नाव आणि पुन्हा तोच नंबर. अशा चार-पाच निवडणुकांच्या पावत्या ओळीने लागल्या तर आमच्या लेखी त्या कुठल्याही कोरीव नावापेक्षा वजनदार. स्टँपपेपरवर ‘आजोबा सांगायचे’ असं प्रतिज्ञापत्र मात्र बाजूला ठेवा. नोटरी सही कुणाची ते सांगतो, आजोबा खरं बोलत होते का ते नाही. नट बंदूक धरून उभा असलेला फोटोही तसाच, नंबर दिसत नसेल तर.

कोरीव नावाला भिंग लावा. अक्षराची रेघ गंजाच्या खड्ड्यातून आरपार स्वच्छ गेलेली असेल तर आधी गंज, मग नाव.

कायद्याचं थोडक्यात. बिनपरवाना सापडलेली बंदूक आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, वारसाचा परवाना नंतर. पत्रव्यवहार फोटोंवर चालतो. ‘तपासायला लंडनला नेतो’ म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

देशी लोहाराने केलेल्या ठासणीच्या बंदुकीसाठी आणि बिननावाच्या बेल्जियन दुनळीसाठी पत्राच्या नादी लागू नका. शोधायला वहीच नाही. आणि विक्रेत्याने लॅमिनेट करून ठेवलेलं पत्र दाखवलं, तर त्याच नंबरचं पत्र स्वतःच्या नावाने, थेट कारखान्याकडून मागवा. दोन्ही शेजारी ठेवून नळीची लांबी आणि ‘कुणाला गेला’ हा रकाना आधी ताडून बघा. फेरफार करणारा बहुधा तिथेच हात घालतो.