लिचेसचे टेबलबेस आणि 8 सोंगट्यांचा प्रश्न

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर विश्लेषणाचा पट उघडून त्यावर 7 किंवा त्याहून कमी सोंगट्यांची स्थिती मांडली, की प्रत्येक चालीपुढे विजय, बरोबरी की पराभव, याचा अंतिम निकाल दिसतो. यामागे रोनाल्ड दे मान यांच्या सिझिजी पद्धतीची टेबलबेस, म्हणजे आधीच सोडवून ठेवलेल्या स्थितींची कोष्टके आहेत. 7 सोंगट्यांचा संच 2018 मध्ये पूर्ण झाला आणि तो सुमारे 17 टेराबाइटचा असल्यामुळे घरच्या संगणकावर ठेवण्याचा विचार न केलेलाच बरा. ही सेवा विनामूल्य आहे, जाहिरातीही नाहीत.

मी ती तपासली ती मात्र वेगळ्या कुतूहलाने. संयोजनात्मक खेळ-सिद्धांत, म्हणजे शेवटची चाल करणारा जिंकतो अशा खेळांचे गणित, बुद्धिबळाला सहसा लागू पडत नाही, कारण तेथे शेवटची चाल करणारा जिंकतोच असे नाही. परंतु हार्वर्डचे गणितज्ञ नोम एल्कीस यांनी 1996 च्या निबंधात दाखवले, की ज्याची चाल तोच अडचणीत, अशी कोंडी पटावर असेल तर उरलेल्या प्याद्यांच्या मोफत (राजा न हलवता करता येणाऱ्या) चालींचा हिशेब या सिद्धांताने करता येतो.

पांढरा राजा डी5 वर, काळा एफ4 वर, पांढरे प्यादे ई4 वर आणि काळे ई5 वर ठेवावे; ही झाली कोंडी. आता ए2 वर पांढरे आणि ए5 वर काळे प्यादे ठेवले, तर कोणाचीही चाल असो, पांढराच जिंकतो. मात्र स्वतःची चाल असताना त्याने दोन घरांची उडी घेऊन ए4 खेळले पाहिजे. ए3 खेळल्यास काळा ए4 खेळतो आणि मधले ई4 प्यादे जाते. सिद्धांतात ए-पट्टीवरच्या या जोडीचे मूल्य ‘अप’ आहे, म्हणजे पांढऱ्याकडे किंचित झुकलेले. टेबलबेस योग्य चाल तत्काळ दाखवते, पण कारण सांगत नाही. सोबतचा आकडाही फक्त पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती दूर आहे एवढेच मोजतो, त्यामुळे जेथे प्यादीच चालायची आहेत तेथे तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

एच5 वर पांढरे आणि एच7 वर काळे अशी प्याद्यांची आणखी एक जोडी ठेवली, की सोंगट्या 8 होतात आणि 7 सोंगट्यांची कोष्टके हात वर करतात. सिद्धांत येथेही बोलतो: या जोडीचे मूल्य ‘स्टार’, म्हणजे एकच मोफत चाल, जो आधी करेल त्याची. राजे जागचे हलले नाहीत, तर मोफत चालींची ही शर्यत आता पहिली चाल करणारा जिंकतो. काळ्याची चाल असेल, तर सहज सुचणारी एच6 ही चाल चुकीची आणि ए4 बरोबर.

माझ्या वहीत पहिली स्थिती टेबलबेसवर ताडून पाहिलेली आहे. दुसरी कागदावरच सोडवलेली आहे.