माल होता, पक्के बिल होते, तरीही ती साखळीच होती

सांगली-मिरज परिसरातील अनेक कुटुंबांचे पैसे काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या योजनेत अडकले. त्यांत माझेही पंधरा हजार रुपये होते. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण तक्रारीचा तपास अजून संपलेला नाही, आणि नाव कळल्याने वाचकाच्या हाती फारसे काही लागणारही नाही. अशा कंपन्या नाव सहज बदलतात, योजनेची रचना मात्र तीच ठेवतात, म्हणून ती रचनाच उलगडून सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

हा पैसे दुप्पट करून देण्याचा उघडउघड प्रकार नव्हता. तसा असता तर कृषी सेवा केंद्राची बिले लिहिण्यात उमर गेलेला माणूस त्या वाटेला गेला नसता. येथे माल होता. पंधरा हजारांच्या 'पॅकेज'मध्ये आरोग्यवर्धक म्हणवल्या जाणाऱ्या रसाच्या सहा बाटल्या, सूटच्या कापडाचे दोन तुकडे आणि जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मिळाले. मावसभावाने आरंभीच तो मुद्दा पुढे केला होता. "दादा, साखळी योजनेत कुठं बिल मिळतं का? हे डायरेक्ट सेलिंग आहे, सरकारमान्य आहे." पुढे मंगल कार्यालयातील सभेत व्यासपीठावरच्या 'लीडर'ने कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटीची नोंदणी आणि कमिशनवर कापलेल्या टीडीएसचा कागद पडद्यावर मोठा करून दाखवला, आणि प्रत्येक कागदाला टाळ्या पडल्या.

या तीन कागदांचा खरा अर्थ त्या सभागृहात कोणी सांगितला नाही. कंपनी निबंधकाकडील नोंदणी म्हणजे अशी कंपनी कायद्याने स्थापन झाली आहे एवढेच. तिची कमिशनची योजना वैध आहे, असा निर्वाळा निबंधक देत नाही. जीएसटी क्रमांक कर गोळा करण्यासाठी असतो, आणि टीडीएस कापला गेला म्हणून ज्या व्यवहारातून ते उत्पन्न आले तो व्यवहार शुद्ध ठरत नाही. 'सरकारमान्य' हा शब्द मात्र तिन्ही कागदांवर सारखाच चिकटवला जात होता.

आता त्या बिलाकडे पाहू. बाटलीची छापील किंमत १,९०० रुपये, म्हणजे सहा बाटल्यांचे ११,४००. कापडाचा एक तुकडा १,८०० रुपये, म्हणजे दोहोंचे ३,६००. बेरीज बरोबर पंधरा हजार. पॅकेजची रक्कम आधी ठरवून मालाच्या किमती तीत बसवल्या की बेरीज अशी गोल येते. बाटलीवरील घटकांत प्रामुख्याने आवळा आणि तुळस होती. तेवढ्याच मापाची आवळारसाची बाटली गणपती पेठेतील दुकानात दोनशेच्या आसपास मिळत होती. आमच्या शिंप्याने कापड दोन बोटांत चोळून पाहिले आणि मीटरमागे शंभर-सव्वाशेच्या वर द्यायचे नाही, असे सांगितले. मालाची बाजारातील किंमत आणि घेतलेली रक्कम यांत जो फरक होता, तो वस्तुतः प्रवेश फी होता. ती मालाच्या वेष्टनात गुंडाळली होती, इतकेच.

आठवड्याच्या बैठकांत ही गोष्ट आणखी स्पष्ट होत असे. किती बाटल्या विकल्या, हा प्रश्न तेथे कधी विचारला गेला नाही. विचारले जात असे ते, किती आयडी लावले (म्हणजे किती नवे सभासद जोडले), लेफ्टला म्हणजे डावीकडे किती, राइटला म्हणजे उजवीकडे किती, क्लोजिंगच्या म्हणजे हिशेबाच्या मुदतीच्या आत पेअर, म्हणजे जोडी, जुळते का. योजनेत न आलेल्या एखाद्या गिऱ्हाईकाने केवळ गुण पटला म्हणून ती बाटली १,९०० रुपयांना घेतल्याचे एकही उदाहरण मी ऐकले नाही. खुद्द सभासदांकडेही बाटल्या कपाटात पडून होत्या.

योजना अशी होती की आपल्या खाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक सभासद आला की एका जोडीचे एक हजार रुपये मिळायचे, आणि त्यांच्या खाली येणाऱ्यांच्या जोड्याही आपल्याच हिशेबात धरल्या जायच्या. म्हणजे पंधरा हजार वसूल होण्यासाठी पंधरा जोड्या, अर्थात खाली तीस माणसे हवीत. दोन, चार, आठ आणि सोळा अशा चार पूर्ण ओळी भरल्या की बरोबर तीस होतात. याचा उलट अर्थ असा की कोणत्याही क्षणी सर्वांत खालच्या चार ओळींतील एकाचेही मुद्दल सुटलेले नसते. दुपटीने वाढणाऱ्या साखळीत या शेवटच्या चार ओळींतच दर सोळा माणसांपैकी सुमारे पंधरा असतात. साखळी शंभर जणांची असो वा लाखाची, हे प्रमाण बदलत नाही. लोक म्हणतात की अशा योजना पुढे माणसे संपली की बुडतात. तेही खरे आहे. सत्ताविसाव्या दुपटीला आकडा १३ कोटींच्या वर जातो आणि २०११ च्या जनगणनेनुसार अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. पण साखळी जोरात चालू असताना, व्यासपीठावर मोटारीच्या किल्ल्या वाटल्या जात असतानाही, सोळांतले पंधरा तोट्यातच असतात, हे त्याहून महत्त्वाचे आहे. हा हिशेब कागदावर मांडायला पाच मिनिटे पुरतात. हिशेब मागणाऱ्याला तेथे 'निगेटिव्ह' म्हणत.

याउलट आमच्या विश्रामबागेतील एक ताई स्वयंपाकघरातील डब्यांची थेट विक्री करतात. त्या कंपनीकडून सवलतीच्या दरात माल घेतात, ओळखीच्या बायकांना छापील किमतीला विकतात आणि मधला फरक त्यांचा असतो. त्यांनी उद्या एकही नवी विक्रेती जोडली नाही तरी त्यांची कमाई थांबत नाही. खऱ्या थेट विक्रीत वरच्याला मिळणारे कमिशनही बाहेरच्या गिऱ्हाइकाने दिलेल्या रुपयातून येते. साखळीत ते नव्या सभासदाच्या खिशातून येते.

कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. १९७८ चा प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट सभासद जोडण्यावर अवलंबून असलेल्या झटपट पैशाच्या योजनांवर बंदी घालतो, मग त्या योजनेला नाव काहीही दिलेले असो. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत विक्रेत्याकडून प्रवेश फी घेऊ नये असे म्हटले आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियमांनी कंपन्यांना पिरॅमिड योजना, म्हणजे अशीच साखळी, चालवण्यास मनाई केली आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जायचे नाही, आणि 'आणखी गिऱ्हाइके आणा, म्हणजे तुमची किंमत वसूल होईल' असे सांगून माल विकायचा नाही, असेही त्यांत आहे. आमच्या सभांत तर हेच वाक्य मुख्य मंत्र होते. अमेरिकेत १९७९ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमवे ही थेट विक्री करणारी कंपनी पिरॅमिड योजना नाही असा निर्णय दिला, तो न विकलेला माल परत घेणे, आधीच्या मालातला किमान ७० टक्के विकल्यावरच नवा घेणे, अशा तिच्या नियमांकडे पाहून. त्याच कंपनीच्या भारतीय शाखेची ७५७ कोटींहून अधिक रुपयांची मालमत्ता एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड पद्धतीच्या आरोपावरून तात्पुरती जप्त केली. तेव्हा नाव मोठे आहे म्हणून हिशेब मांडायचे टाळू नये.

पेआउट, म्हणजे कमिशनचे पैसे, आधी लांबले, मग संकेतस्थळ 'अपग्रेड'साठी बंद झाले आणि लीडरचे फोन लागेनासे झाले. तरीही तक्रारीला फार थोडे लोक पुढे आले. बहुतेकांनी आपल्याच मेहुण्याला, वहिनीला, शेजाऱ्याला जोडले होते, आणि तक्रार करायची तर आधी त्यांना तोंड द्यावे लागणार होते. शिवाय १९७८ च्या कायद्याचे कलम ३ अशा योजनेत सभासद होण्यासही मनाई करते. ज्या लीडरांनी कायद्याचे नावही कधी घेतले नव्हते, त्यांनी नेमके हेच कलम सभासदांना ऐकवले: "तक्रार केलीत तर तुम्हीही आरोपी." वकिलाचा सल्ला घेऊन आम्ही काही जण आर्थिक गुन्हे शाखेत गेलो. मावसभाऊही सोबत आला. त्याचे नुकसान माझ्यापेक्षा मोठे होते.

तेथे पहिला प्रश्न विचारला गेला तो पैसे कोणाच्या खात्यात भरले, हा. बिल कंपनीचे होते, पण आमच्यापैकी बऱ्याच जणांनी रक्कम अपलाइनच्या, म्हणजे साखळीत आपल्या वर असलेल्या सभासदाच्या, वैयक्तिक खात्यात यूपीआयने पाठवली होती. 'ती रक्कम आम्हाला मिळालीच नाही' असे म्हणण्याची सोय कंपनीला तेवढ्यावरून झाली. ज्यांचे पैसे अशा योजनेत अडकले आहेत त्यांनी संकेतस्थळ चालू आहे तोवरच आपल्या आयडीचे पान, जोड्यांचा तक्ता आणि प्लॅनची चित्रे छापून ठेवावीत, व्हॉट्सअ‍ॅप गटातून बाहेर पडण्यापूर्वी संभाषण जतन करावे आणि बँकेचा उतारा काढावा. ऑनलाइन पैसे पाठवले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे. मालाबाबतच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आमच्यापैकी ज्यांच्याकडे जोड्यांचा छापील तक्ता होता, त्यांचेच जबाब आधी नोंदवले गेले.