गोव्यातल्या घरगुती धंद्यासाठी आयटीआर-3: आयकर पोर्टलची पारख

आयकर खात्याच्या पोर्टलवर विवरणपत्र भरायला एक पैसाही लागत नाही. नोकरी सांभाळून घरातून केक, बेबिंका, मसाले विकणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या गोमंतकीयांना ही सेवा पुरी पडते. फक्त कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाईकांनी सांगितलेला आयटीआर-4, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचा विवरणपत्राचा सोपा फॉर्म, उघडू नका.

कारण आयकर कायद्याचे कलम 5ए. गोव्यात ज्या जोडप्यांना पोर्तुगीज नागरी कायद्याची समाईक मालमत्तेची पद्धत (मालमत्ता दोघांची एकत्र) लागू आहे, त्यांचे पगार सोडून बाकीचे सगळे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे वाटले जाते. पगार ज्याचा त्याच्याकडेच राहतो. असे वाटायचे उत्पन्न असले की आयटीआर-1 आणि आयटीआर-4 दोन्ही बाद. धंदा असेल तर आयटीआर-3 भरायचा.

फॉर्म लांबलचक आहे, पण 5ए चा भाग नीट बांधलेला आहे. सर्वसाधारण माहितीत पोर्तुगीज नागरी कायद्याच्या प्रश्नाला ‘होय’ म्हटले की परिशिष्ट 5ए भरावे लागते. त्यात जोडीदाराचे नाव आणि पॅन द्यायचा, मग प्रत्येक प्रकारच्या उत्पन्नापुढे चार रकाने: एकूण उत्पन्न, जोडीदाराच्या वाट्याचे उत्पन्न, कापलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर), जोडीदाराच्या वाट्याचा टीडीएस. शेवटचा रकाना बरेच जण कोराच सोडतात. मग उत्पन्न निम्मे, टीडीएस मात्र पूर्ण मागितलेला, आणि ताळा जुळत नाही.

पोर्टल आधीच भरून देते ते आकडे पॅनप्रमाणे येतात. बायकोच्या खात्यावरचे व्याज पूर्ण तिच्याच नावावर दिसेल. वाटणी तुम्हालाच करायची आहे, म्हणून आधी कागदावर हिशेब मांडा. आधी नफा काढायचा, मग तो निम्मा करायचा. समजा बायकोच्या बेकरीचा वर्षाचा नफा 2,40,000 आणि नवऱ्याचा पगार 13,50,000. नव्या करप्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन पगाराचे 12,75,000 उरतात. त्यात नफ्याचा निम्मा वाटा, 1,20,000, जमा झाला की 15 टक्के दराने 18,000 आणि उपकर धरून 18,720 रुपये कर वाढतो. तो नवऱ्याने भरायचा, ओव्हनला त्याने हातही लावलेला नसला तरी. घरात ही गोष्ट मार्च उजाडण्याआधी बोलून ठेवावी.

नफा काढायचे दोन रस्ते. कलम 44एडी (वह्या न ठेवता विक्रीच्या ठराविक टक्क्यांवर नफा धरण्याची सोय) घेतले तर यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरायचा. 5 लाख यूपीआयने आणि 1 लाख रोखीने आले, तर 30,000 अधिक 8,000. प्रत्यक्षातला नफा जास्त असेल तर तोच दाखवावा. या रस्त्याने गेल्यावर मैदा, भाडे, घसारा (वापराने यंत्राची दरवर्षी घटणारी किंमत) काहीही वेगळे वजा होत नाही, कारण ते सगळे त्या टक्क्यांतच धरलेले आहे. आयटीआर-3 मध्येही 44एडी ची सोय आहे. पुढच्या पाच वर्षांत यातून बाहेर पडलात तर त्यानंतर आणखी पाच वर्षे परत येता येत नाही, म्हणून दरवर्षी रस्ता बदलू नका.

खर्च दाखवायचा असेल तर वह्या ठेवा. धंद्याचे खर्च नव्या करप्रणालीतही मिळतात. 80सी (विमा, पीपीएफ अशा गुंतवणुकीची वजावट) गेले म्हणून हेही गेले असे समजून कित्येक जण हक्काची वजावट सोडतात. भाड्याच्या घरात 800 चौरस फुटांपैकी 120 धंद्याला लागत असतील तर भाड्याचा 15 टक्के हिस्सा धरता येतो. घर स्वतःचे असेल तर स्वतःलाच भाडे दाखवता येत नाही. दुरुस्ती आणि घरपट्टीचा हिस्सा घेता येतो. विजेसाठी ओव्हनला सबमीटर लावलात तर आकड्यावर वाद उरत नाही. गॅस 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचाच घ्या; घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणे मुळात नियमात बसत नाही.

ओव्हनची रक्कम त्याच वर्षी पूर्ण वजा होत नाही, त्यावर 15 टक्के घसारा मिळतो. 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. नाताळच्या ऑर्डरींसाठी नोव्हेंबरात 45,000 चा ओव्हन घेतला तर पहिल्या वर्षी 3,375 मिळतील. चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) घेऊन वापरायला लागलात तर 6,750. आणि तो रोखीने घेतला तर एक रुपयाही नाही, कारण मालमत्तेसाठी एका दिवशी एका माणसाला 10,000 च्या वर दिलेली रोकड किमतीत धरत नाहीत. कच्च्या मालालाही हीच मर्यादा आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकाच व्यापाऱ्याला 12,000 रोख मोजलेत तर ती सगळी खरेदी खर्चातून उडते. नारळ थेट बागायतदाराकडून घेतले असतील तर मात्र सवलत आहे. त्याची सही असलेली पावती ठेवा.

वरची कलमे आणि दर आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत.

किमतीला आणि सोयीला पूर्ण गुण, पण वाटणीच्या बाबतीत पोर्टल निम्मेच पास. नुसता 44एडी चा धंदा असेल तर स्वतः भरा. घसारा, भाडे आणि दोघांचेही टीडीएस एकत्र आले तर पहिल्या वर्षी 5ए माहीत असलेला, गोव्यातलाच सीए गाठा. विवरणपत्र भरल्यापासून 30 दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करायची असते. दोघांनीही विवरणपत्र भरले असेल तर ती दोघांनी वेगवेगळी करायची. एकाची झाली म्हणून दुसऱ्याची होत नाही.