टेली-मानस (१४४१६): बाराव्यानंतरच्या दिवसांसाठी

बाराव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. शेजारी पेज आणून देतात, समाचाराला येणाऱ्यांची रीघ असते. मग मंडप उतरतो, मुलं नोकरीवर परत जातात आणि रात्री अडीचला टक्क जाग्या असलेल्या माणसाला बोलायला कोणी उरत नाही. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा खरी उपयोगी पडते ती तेव्हा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, चोवीस तास आणि मोफत. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावावा.

सुरुवातीला भाषा निवडायची असते, मराठी आहे. गोव्यातल्यांनी एक लक्षात ठेवावं. आपले मोबाइल नंबर महाराष्ट्र-गोवा या एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, मोडतात, म्हणून पहिल्याच वाक्यात "गोव्यातून बोलते, तालुका डिचोली" असं सांगावं. पुढे डॉक्टर गाठायची वेळ आली तर गोव्यातली बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था जवळ, कोल्हापूर नव्हे.

फोनवर आधी भेटतो तो प्रशिक्षित समुपदेशक. तो गोळ्या लिहून देत नाही. गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. "मन लागत नाही" एवढंच सांगितलं तर बोलणं सांत्वनापाशीच अडकतं. माणूस जाऊन किती दिवस झाले, झोप किती तास, जेवण किती, दारू वाढली का, आधीची कुठली औषधं चालू आहेत, जगू नये असं वाटतं का, हे स्पष्ट सांगावं. भरल्या घरात हे बोलता येत नाही. मागच्या अंगणात जाऊन फोन करावा.

सगळ्यात मोलाचं म्हणजे दुःखात असलेल्याच्या जवळच्यांनीही फोन केलेला चालतो. वहिनी चार दिवस धड जेवलेली नाही, तिच्याशी काय बोलू, असं सरळ विचारावं. पण तिच्या कानाला फोन लावून "बोल गं" म्हणू नये. ती "मी बरी आहे" म्हणते आणि विषय तिथेच मिटतो. "काही लागलं तर सांग" हेही कामाचं नाही, कारण काय लागतं ते ठरवायचं त्राणच तिच्यात नसतं. "मंगळवारी दहाला बँकेत वारसाच्या कागदांसाठी मी सोबत येतो" हे तिला पेलतं. गेलेल्या माणसाचं नाव टाळू नये.

उणीव आहे. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल याची खात्री नसते आणि सगळं पहिल्यापासून सांगणं शोकात फार थकवतं. तारीख आणि काय ठरलं ते वहीत लिहून ठेवावं.

पहिल्या आठवड्यांतलं रडणं म्हणजे आजार नव्हे. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दीर्घ शोकविकाराचं निदान किमान सहा महिन्यांनंतरच होतं. तेवढ्या काळानंतरही रोजचं जगणं अडलेलं असेल तर फोनवर भागवू नये, बांबोळीच्या त्याच संस्थेच्या ओपीडीत न्यावं. आणि कोणी विष घेतलं, स्वतःला इजा केली, तर आधी रुग्णवाहिकेसाठी १०८.