पहिलं घर, होमलोनची सर्व्हिस आणि बाबांची 1987 ची फाईल

आम्ही ऑक्टोबर 2024 मध्ये डोंबिवली पूर्वेला वनबीएचके घेतला, 410 स्क्वेअर फूट कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), 52 लाख, ओसी म्हणजे महापालिकेचा राहायला परवानगीचा दाखला आलेली बिल्डिंग. लोन एका सरकारी बँकेचं. सव्वा वर्ष हप्ते भरून झालेत म्हणून आत्ता लिहितेय, लोन पास झालं त्याच आठवड्यात पाच स्टार देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही, खरी सर्व्हिस नंतर कळते. बँकेचं नाव टाकत नाहीये कारण ज्यांनी ज्यांनी लोन घेतलंय त्या बहुतेकांनी मला हेच अनुभव सांगितलेत.

लिहायला कारण अजून एक आहे. वास्तुशांतीला काका म्हणाले तुमचं बरंय, बँक घरी येऊन कर्ज देते, आमच्या वेळी चपला झिजायच्या. माझा नवरा म्हणाला, काका पण तुम्हाला घर लाखात मिळालं ना. वाद असा झाला नाही पण जेवताना दोघं गप्पच होते. रात्री बाबांनी कपाटातून त्यांची नाडीची फाईल काढून माझ्या हातात दिली, त्यात 1987 पासूनच्या सगळ्या पावत्या, कार्बन कॉपीवाली पत्रं, सगळं लावून ठेवलेलं. मी दोन रविवार ती फाईल आणि आमची फाईल शेजारी ठेवून बसले. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबेल.

आधी लोनच्या प्रोसेसबद्दल. सॅलरी स्लिप, फॉर्म 16, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, सिबिल स्कोअर (आधीची कर्जं वेळेवर फेडली का त्याचे मार्क), एवढं दिल्यावर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट (जागेची मालकी साफ आहे का ते) आणि घराच्या किमतीचं व्हॅल्युएशन, आणि 19 दिवसांत सँक्शन लेटर म्हणजे लोन मंजुरीचं पत्र हातात. हाफ डे फक्त दोनदा टाकावा लागला. जामीनदार कोणी मागितला नाही. बाबांच्या फाईलमध्ये मात्र पहिला अर्ज आणि पहिला चेक यात पाच महिन्यांचं अंतर आहे, दोन जामीनदार, तेही पर्मनंट नोकरीवालेच हवेत, त्यातला एक ऐनवेळी मागे हटला. सरकारी नोकरी असल्यामुळे घरबांधणी अग्रिमाचाही (सरकार कर्मचाऱ्याला घरासाठी देतं ते कर्ज) अर्ज केला होता पण नंबर लागेपर्यंत थांबता येत नव्हतं. बाबा त्या जामीनदाराचा विषय निघाला की आजही बोलायचं टाळतात. कोणाच्या दारात जाऊन माझ्यासाठी सही कर म्हणायची पाळी आमच्यावर आली नाही, हे मी फार मोठं मानते.

आता आकडे. बाबांचं घर 1 लाख 12 हजार. हातात पगार तेव्हा 1,900, आई घरी. म्हणजे 59 महिन्यांच्या पगाराएवढं घर. माझा पगार हातात 58 हजार, त्या हिशोबाने आमचं घर 90 महिन्यांचं होतं. नवऱ्याचे 47 हजार मिळवले की मग 50 महिने. थोडक्यात जे घर एका माणसाच्या पगारात बसायचं ते आता दोघांच्या पगारात बसतं, आणि घराचा आकार जवळपास तोच.

हे दोन पगार फुकट येत नाहीत हे कोणी मोजत नाही. मुलगी तीन वर्षांची आहे, पाळणाघराचे महिन्याला 6 हजार, दोघांचे लोकलचे पास, संध्याकाळी दमून आल्यावर बाहेरून मागवलेलं जेवण. आई घरी होती म्हणजे ती काही करत नव्हती असं नाही, तिच्या कामाचा पगार कुठे लिहिलेला नाही एवढंच, आणि ते काम आम्ही आता पैसे देऊन करून घेतो. म्हणून नुसत्या पगाराच्या तुलनेत दिसते त्याहून आमची बाजू जडच आहे.

पण मग फाईलमधलं पुढचं पान बघितलं आणि काकांचं म्हणणं पटलं. बाबांना कर्ज मिळालं 60 हजार, म्हणजे किमतीच्या निम्म्याहून थोडंच जास्त. उरलेले 52 हजार कुठून आले याची आईच्या अक्षरात यादी आहे: पीएफ 18 हजार, पतपेढी 12 हजार, मामाकडून 10 हजार, पाटल्या 12 हजार. म्हणजे 27 महिन्यांचा अख्खा पगार आधी उभा करायचा, तोही पतपेढीचं आणि मामाचं वेगळं देणं डोक्यावर घेऊन. आम्हाला 41 लाख लोन मिळालं. 30 ते 75 लाखांच्या लोनला बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण त्या किमतीत स्टँप ड्युटी धरत नाहीत, तो खर्च स्वतःचा. त्यामुळे ज्यांनी नुसतं 20 टक्के डाऊन पेमेंट जमवलंय त्यांनी इथे नीट लक्ष द्या. आमचे घरासाठी 11 लाख, स्टँप ड्युटी 7 टक्क्यांनी 3 लाख 64 हजार, रजिस्ट्रेशन 30 हजार, म्हणजे 15 लाख रोख लागले. बिल्डिंगला ओसी होती म्हणून जीएसटी नाही, नाहीतर 45 लाखांच्या वरच्या अंडर कन्स्ट्रक्शन घराला 5 टक्के तोही होता. आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, आमचं जॉइंट नावावर झाल्यामुळे 52 हजार गेले, एजंटने हे आधी सांगायला हवं होतं.

15 लाख म्हणजे दोघांचे 14 महिन्यांचे पगार. माझ्या एकटीच्या पगारात मोजले तर 26 महिने, बाबांच्या जवळपास तेवढेच!

हप्ता बघू. बाबांचा साडेबारा टक्के फिक्स्ड, 15 वर्षं, महिना 740 च्या आसपास, म्हणजे पगाराच्या 39 टक्के. पहिली तीन चार वर्षं आईने कशी काढली ते ती सांगते तेव्हा ऐकवत नाही, दिवाळीला नवे कपडे फक्त मला. आमचा हप्ता 35,600, साडेआठ टक्क्याने 20 वर्षं, दोघांच्या पगाराच्या 34 टक्के. कागदावर आम्ही बरे. पण 740 शेवटपर्यंत 740 च राहिले, आणि मध्ये पाचवा वेतन आयोग आला, तोपर्यंत बाबांचा पगार 7 हजारांवर गेला होता, हप्ता जाणवेनासा झाला. आमच्या दोघांच्याही प्रायव्हेट नोकऱ्या, तसा आयोग आमच्याकडे येणार नाही, गेल्या वर्षी मला 6 टक्के वाढ मिळाली आणि नवऱ्याला काहीच नाही. घेताना त्यांचे हाल जास्त झाले, फेडताना आमचे होणार, असं मला दोन्ही फाईली बघून वाटतं. आणि दोन्हीतलं एक निवडायला सांगितलं तर मी बाबांचा व्यवहार निवडेन, कारण त्यांच्यावेळी एकाची नोकरी गेली असती तर दुसरं माणूस कामाला लागू शकलं असतं. आमच्याकडे दोघंही आधीच कामाला लागलेले आहेत.

एका बाबतीत मात्र आमची पिढी नशीबवान, माहिती. बाबांना बिल्डरने सांगितलेलं 450 स्क्वेअर फूट प्रत्यक्षात किती भरलं हे मोजायची सोयच नव्हती, पझेशन तीन वर्षं उशिरा, त्याची दाद मागायला कोर्टाशिवाय जागा नाही, आणि सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही, आता कुठे डीम्ड कन्व्हेयन्सची (बिल्डरच्या सहीशिवाय होतं ते) फाईल हललीये. 2017 पासून महारेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण आहे, प्रोजेक्टचा नंबर टाकला की कार्पेट एरिया, मंजुऱ्या, पझेशनची तारीख, केसेस समोर येतात, आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. पण नुसता रेरा नंबर बघून थांबू नका, हे डोंबिवलीकर म्हणून कळकळीने सांगते. आमच्या शहरात 65 इमारतींना खोट्या महापालिका परवानग्या दाखवून रेरा नंबर मिळवला गेला होता, आमचं रजिस्ट्रेशन झालं आणि पुढच्याच महिन्यात हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या. आत राहणाऱ्या लोकांनीही आमच्यासारखंच लोन काढलेलं, सोनं मोडलेलं. त्या प्रकरणाच्या बातम्या वाचूनच आम्ही घर घेण्याआधी बांधकाम परवानगीचा नंबर महापालिकेत जाऊन जुळवून घेतला होता, अर्धा दिवस गेला, पण झोप लागते.

आता बँकेची तक्रार. सँक्शननंतर आम्हाला सांगितलं की लोनचा विमा घ्यावाच लागेल, एकरकमी प्रीमियम 1 लाख 20 हजार, तो लोनमध्येच ॲड करू म्हणजे तुम्हाला जाणवणार नाही. 20 वर्षं त्या प्रीमियमवर व्याज भरायचं आणि म्हणे जाणवणार नाही! आम्ही मेल केला की हे कंपल्सरी आहे असं लेखी द्या. दुसऱ्या दिवशी फोन आला की नको असेल तर राहू दे. विमा घ्या, नक्की घ्या, पण टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) स्वतः बाहेरून तुलना करून घ्या, आम्ही तसाच घेतला. ज्यांना हे माहीत नसतं ते सही करून मोकळे होतात, याचा मला खरंच राग येतो.

नंतरची सर्व्हिस चांगली. लोन रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याला, लिंक आहे, 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो साडेसहावरून सव्वापाचपर्यंत आणला, आमचा रेट टप्प्याटप्प्याने सव्वासात झाला, हप्ता आम्ही तोच ठेवला आणि मुदत जवळपास तीन वर्षांनी कमी झाली. पण जुनं लोन असलेल्यांनी आपलं लोन रेपोवर आहे की एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर) की त्याहून जुन्या बेस रेटवर ते ब्रांचला जाऊन विचारा, आपोआप कोणी बदलून देत नाही. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या रेटच्या लोनला प्रीपेमेंट चार्ज (मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड) नाही, त्यामुळे बोनसचे 50 हजार भरले तेव्हा पैसा कापला गेला नाही, अ‍ॅपवरूनच झालं.

स्टार द्यायचे तर लोनच्या प्रोसेसला 4, विम्याच्या प्रकाराला 1, नंतरच्या सर्व्हिसला 4.

बाबांचं लोन 2002 मध्ये फिटलं आणि मूळ अ‍ॅग्रीमेंट परत मिळायला आठ महिने लागले, त्याची पाच स्मरणपत्रं फाईलमध्ये आहेत. आता लोन फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत दिले नाहीत आणि चूक बँकेची असेल तर दिवसाला 5 हजार भरपाई द्यावी लागते, डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे. मी त्या नियमाची प्रिंट काढून आमच्या फाईलच्या शेवटी लावून ठेवलीये. बाबांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि मग त्यांच्या नाडीच्या फाईलीतली ती पाच पत्रं काढून माझ्या फाईलीत लावून दिली.