मेडिक्लेम: कंपनीचा ग्रुप घ्यावा की आपला आपण?

भोसरीत आमचं सीएनसीचं छोटं जॉबवर्क आहे, प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर दोघंच, मी आणि मेहुणे. मालकही आपणच आणि पगारदारही आपणच, त्यामुळे मेडिक्लेमचा प्रीमियम कुठल्या खिशातून जावा यावर दर मार्चला खल होतो. मी दोन्ही करून बसलोय. (कलमांचे आकडे जुन्या आयकर कायद्याचे देतोय. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आला, पण आमच्या सीएंच्या तोंडी अजून जुनेच आहेत.)

निव्वळ कर बघितला तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे कंपनीने सगळ्यांसाठी मिळून घेतलेली, सरस. प्रीमियम कंपनीच्या खर्चात जातो आणि कलम 17(2) मुळे आपल्या पगारात पर्क्विझिट (पगाराबरोबर मिळणारा करपात्र लाभ) म्हणून धरला जात नाही, नवी रिजीम म्हणजे नवी कररचना असली तरी. स्वतः भरलात तर प्रीमियमवर 80डी कलमाची वजावट आहे, पण फक्त जुन्या रिजीमला. 25,000 च्या पूर्ण वजावटीवर तीस टक्क्यांच्या स्लॅबला सेससकट 7,800 वाचतात. गृहकर्ज फिटल्यावर मी नव्या रिजीममध्ये गेलो, तिथे 80डी शून्य.

हे सगळं पगार घेणाऱ्या डायरेक्टरपुरतं. नुसती फी घेऊन 194जे खाली टीडीएस कापला जात असेल, तर तुम्ही कर्मचारी नाहीच. प्रोप्रायटर आणि भागीदारांनाही 80डीच.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. 2020 मध्ये कोरोनाच्या धास्तीने ग्रुप घेतला. आम्ही सात जण, मेहुण्यांची शुगर आणि माझं बीपी पहिल्या दिवसापासून कव्हर. चार वर्षं निवांत गेली. मग दोन पोरं चाकणला मोठ्या कंपनीत लागली. पॉलिसी संपायला सहा दिवस असताना एजंटाचा फोन आला. मी मशीनवर जॉब लावत होतो, हात कूलंटने भरलेले. म्हणाला, "साहेब, तुम्ही पाचच उरलात, विमा कंपनीला किमान सात लागतात. रिन्यू होणार नाही." त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जुनी वर्षं धरून जाता आलं असतं, पण अर्ज बराच आधी द्यायला हवा होता. तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी नवा फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाची एकच पॉलिसी) घेतला आणि बीपीचा तीन वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या दुखण्याचा क्लेम न मिळण्याचा काळ, पहिल्या दिवसापासून मोजायला लागलो. चार वर्षांच्या हप्त्यांतून हाती उरलं ते कंपनीचं नाव छापलेलं कार्ड.

जीएसटीनेही पारडं हललंय. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसीवर तो नाही. ग्रुपवर 18 टक्के तसाच आहे आणि एरवी कंपनीला त्याचं क्रेडिट (भरलेला जीएसटी वळता करून घेणं) मिळत नाही. यंदा जूनमध्ये पहिल्यांदा बिनजीएसटीची पावती आली. त्यातला थोडा फायदा वाढलेल्या प्रीमियमने गिळला, ते सोडा.

सध्या मी मधला रस्ता धरलाय. पॉलिसी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, आणि पावती दाखवून कंपनीकडून रक्कम परत. स्वतःच्या आणि कुटुंबाच्या प्रीमियमची अशी भरपाईही 17(2) मध्ये पर्क्विझिटमधून वगळलेली आहे. मग त्याच रकमेवर 80डी मागायची नाही, एवढं पथ्य. आम्ही बोर्डाचा ठराव करून सोय पाचही जणांना लागू केली. फक्त डायरेक्टरांनाच दिली तर उद्या हा खर्च धंद्याचा कसा, असं कोणी विचारू शकतं. ठरावाची भाषा तुमच्या सीएंकडून तपासून घ्या, आमच्यांनी दोनदा बदलली.

वीस-पंचवीस माणसं टिकून असतील आणि घरात जुनं दुखणं असेल, तर ग्रुप सोडा असं मी म्हणणार नाही. फक्त सोबत स्वतःची एक छोटी पॉलिसी चालू असू द्या. मेहुण्यांना वैयक्तिक पॉलिसीत शुगरचं लोडिंग (जादा प्रीमियम) बसलं, ते अजून ग्रुपची कोटेशनं मागवतात. माझा वेटिंग पिरियड जून 2027 ला संपतोय.