सीसीएनए करून वर्ष होत आलं, पैसे वसूल झाले का?

गेल्या वर्षी सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा, नंबर २००-३०१) पास झाले आणि तेव्हापासून दर चार दिवसांनी कोणीतरी मेसेज करतंच, "ताई करू का, फायदा होतो का?" प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी तेव्हा हिंजवडीत नॉकमधे (नेटवर्कवर चोवीस तास लक्ष ठेवणारी टीम) एल१ ला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवर होते, रोटेशनल शिफ्ट, काम म्हणजे अलार्म आला की टिकट (तक्रारीची नोंद) काढायचं, लिंक डाऊन असेल तर आयएसपीच्या (इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या) मागे लागायचं आणि बाकी सगळं एल२, म्हणजे वरच्या पायरीच्या टीमकडे ढकलायचं.

आधी पैशांचं. परीक्षेची फी ३०० डॉलर, वर टॅक्स, म्हणजे पंचवीस हजारांच्या पुढे धरूनच चाला, आणि नापास झालात की परत पूर्ण फी. कंपनी देते का ते एचआरला मेलवर विचारा, तोंडी "हो हो बघू" वर कार्ड स्वाइप करू नका. क्लास मी लावला नाही. जॉब गॅरंटीचे बोर्ड लावलेल्या एका ठिकाणी चौकशी केली होती, तिथे राऊटर काचेच्या कपाटात होते आणि फी परीक्षेपेक्षा जास्त, परत आले. यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅबचा पूर्ण कोर्स फुकट आहे, सोबत लॅब फाइल्स आणि अँकी ॲपची फ्लॅशकार्ड्ससुद्धा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवरच नेटवर्क बांधून बघायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट, फक्त अकाउंट काढावं लागतं. म्हणजे अभ्यासाचा खर्च जवळजवळ शून्य, खर्च फक्त परीक्षेचा आणि झोपेचा.

सिलॅबसमधे सगळ्यात मोठा वाटा आयपी कनेक्टिव्हिटीचा, २५ टक्के, म्हणजे राऊटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठल्या रस्त्याने जाईल ती यादी) वाचणं, स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला रस्ता), ओएसपीएफ (राऊटर आपापसात बोलून रस्ते शोधतात ती पद्धत). ऑटोमेशनला १० टक्के, ऑगस्ट २०२४ च्या १.१ व्हर्जनपासून त्यात एआय, मशीन लर्निंग आणि टेराफॉर्म (कोड लिहून सेटअप करायचं टूल) पण आलंय, पण तो भाग बराचसा वाचून होतो, त्यासाठी रात्री जागवू नका. ऑफिसमधले सिनिअर सांगतात की आमच्या वेळी राऊटिंग-स्विचिंग वेगळं, सिक्युरिटी वेगळं, वायरलेस वेगळं असं होतं, ते खरंय, फेब्रुवारी २०२० मधे सगळं एका सीसीएनएत आणलं. त्यामुळे खोली कमी आणि पसारा जास्त झालाय असं माझं मत. परीक्षा १२० मिनिटांची, मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, हे ज्यांना आपल्या पेपरची सवय आहे, सोपं आधी अवघड नंतर, त्यांना फार जड जातं. पासिंगचा आकडा सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे "इतके आले की सुटतो" असं जो सांगेल तो अंदाजाने बोलतोय.

आता फायदा. पास झाल्यावर थोड्याच दिवसांत क्लायंटच्या साईटवरून टिकट आलं, नवीन फ्लोअर सुरू झालाय, नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), आणि सगळी मशीन १६९.२५४ वाला आयपी घेतायत, म्हणजे सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही की मशीन स्वतःच घेतं तो. आधीची मी असते तर "डीएचसीपी इश्यू" (डीएचसीपी म्हणजे मशीनला आपोआप आयपी देणारी सोय) लिहून एस्केलेट केलं असतं. पण डीएचसीपीचा पहिला मेसेज ब्रॉडकास्ट, म्हणजे आपल्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम असतो, राऊटर तो पलीकडे नेत नाही, आणि सर्व्हर दुसऱ्या सबनेटमधे (नेटवर्कच्या दुसऱ्या तुकड्यात) होता. कॉन्फिग बघितली तर त्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर आयपी हेल्पर-ॲड्रेसची, म्हणजे तो मेसेज सर्व्हरकडे पुढे पाठवायला सांगणारी, ओळच नाही. माझ्याकडे रीड-ओन्ली ॲक्सेस, म्हणून टिकटमधे लिहून दिलं कुठे कुठली ओळ टाकायची, एल२ च्या दादाने टाकली, पाच मिनिटांत फ्लोअर चालू. त्यानंतर तो मला ब्रिजवर (बिघाड सोडवायच्या ग्रुप कॉलवर) घ्यायला लागला. एल२ मधे जायला सर्टिफिकेटपेक्षा ते ब्रिज कॉल जास्त उपयोगी पडले, पण सर्टिफिकेटचा अभ्यास नसता तर त्या कॉलवर मी नुसती म्यूटवर बसले असते.

बाहेरच्या जॉबचं म्हणाल तर प्रोफाइलवर टाकल्यावर कॉल वाढले, नक्की वाढले, कारण रिक्रूटर लोक शब्द टाकून सर्च करतात. पण इंटरव्ह्यूत सर्टिफिकेट कोणी उघडून बघितलं नाही. "ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या लिंकच्या) दोन टोकांना नेटिव्ह व्हीलॅन (ज्याला टॅग लागत नाही ते) वेगळं असेल तर काय दिसेल?", "सेम डेस्टिनेशनला स्टॅटिक आणि ओएसपीएफ दोन्ही आहेत, पॅकेट कुठून जाईल?" असले प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर "स्टॅटिक, कारण डिस्टन्स १ आणि ओएसपीएफचं ११०" (डिस्टन्स म्हणजे रस्त्यावरचा भरवसा, आकडा कमी तेवढा जास्त) एवढंच देऊन लोक थांबतात, आणि समोरचा लगेच विचारतो की ओएसपीएफवाला /२६ आहे आणि स्टॅटिक /२४, मग? तिथे लाँगेस्ट मॅच, म्हणजे जास्त नेमका रस्ता (इथे /२६), आधी लागतो, डिस्टन्सचा प्रश्नच येत नाही. पाठ करणारे इथेच पडतात. पगार लगेच वाढत नाही हेही सांगते, माझी हाईक अप्रेझललाच आली, बरी आली, पण इंस्टाच्या रीलमधे दाखवतात तसलं काही नाही.

ग्रुपबद्दल माझं मत जरा कडक आहे. मोठे टेलिग्राम ग्रुप मी सोडले. हजारो मेंबर, दिवसभर "सर लेटेस्ट डम्प आहे का" (डम्प म्हणजे परीक्षेतले चोरलेले प्रश्न), खाली कोणीतरी पीडीएफचा रेट सांगतंय. परीक्षेआधी आपण प्रश्न बाहेर न सांगण्याच्या अटी मान्य करतो, डम्प सापडला तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, आणि त्यात उत्तरंही धड बरोबर नसतात. इंग्रजी डिस्कॉर्ड सर्व्हर चांगले, पण तिकडे लोक जागे असतात तेव्हा आपली झोपायची वेळ.

कामाला आला तो आमचा छोटा ग्रुप, पाच-सहा जण, सांगली, नाशिक, सोलापूर, एक भाऊ दुबईत. रात्री दहानंतर कॉल, एकाने स्क्रीन शेअर करून पॅकेट ट्रेसरमधे मुद्दाम काहीतरी बिघडवायचं आणि बाकीच्यांनी शोधायचं. सोलापूरच्या मुलाला सबनेटिंग काही केल्या बसेना, त्याला मराठीत सांगत होते की /२६ म्हणजे ६४-६४ चे ब्लॉक, ०, ६४, १२८, १९२, आता ७७ कुठे पडतो? ६४ च्या ब्लॉकमधे, मग नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, मधे ६२ होस्ट. त्याला कळलं, आणि मला पुढे पेन-कागद लागलाच नाही. नुसतं वाचणारे मेंबर मात्र परीक्षेपर्यंत पोचले नाहीत, आमच्यातही दोघं गळाले.

डेव्हलपमेंट किंवा टेस्टिंगमधे जायचं असेल तर यात पैसे घालू नका. सपोर्ट, नॉक, सिक्युरिटी किंवा क्लाऊडकडे वळणार असाल तर करा, पण नोकरीत असताना केलं तर जास्त पचतं. तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, एकतर ३० सीई क्रेडिट (पुढचं शिकून मिळवायचे पॉइंट) नाहीतर परत परीक्षा. मी एन्कोर ३५०-४०१ (सिस्कोचीच वरच्या पातळीची परीक्षा) देईन, त्याने सीसीएनए आपोआप रिन्यू होतं, पण त्याची फी ४०० डॉलर आहे, आणि यावेळी एचआरचं मेलवर लेखी उत्तर आल्याशिवाय बुक करणार नाहीये.